बळकट गड्याचा अपराध

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त मेटगळ्ळी येथे भरलेल्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी वर्षातील या व्याख्यानासाठी कार्यकारी समितीने आमच्यापुढे जे विषय ठेवले त्यांत संतवाङ्मय होते, बृहन्महाराष्ट्रातील मराठीचे भवितव्य होते आणि म्हैसूरचा दसराही होता. हे विषय थोर आहेत व आमच्याहून अधिकारी वक्ते त्यांस लाभतील अशी आमची खात्री आहे. आम्ही कबड्डीचा विषय मागून घेतला. कारण साधे आहे. पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या या मंडळापुढे आज निर्णयासाठी पडून असलेला प्रश्न मराठीच्या भवितव्याचा नाही. गणेशोत्सवातील क्रीडास्पर्धांतून कबड्डी वगळावी की न वगळावी, हा आहे. काही पालकांनी सहीनिशी तसे पत्र समितीला दिले आहे. पत्राची भाषा सौम्य आहे, त्यातील काळजी खरी आहे, आणि म्हणूनच त्याला शिष्टाचाराची पोच देऊन ते नस्तीत घालून टाकणे योग्य होणार नाही.

पत्रात एक शब्द आहे : ‘आडदांड’. एका पंधरा वर्षांच्या मुलाला उद्देशून तो वापरला आहे. त्या मुलाचे नाव आम्ही घेणार नाही. आपण सारे त्याला ओळखता. त्याच्याकडे आम्ही यथावकाश येऊच. परंतु हाच शब्द आम्ही यापूर्वी, पुष्कळ मोठ्या रंगमंचावरील एका गड्याविषयी ऐकला होता. तेथून सुरुवात केलेली बरी.

सन २०१८ च्या ऑक्टोबरात प्रो कबड्डी लीगचा सहावा मोसम सुरू झाला. मुंबईच्या ‘यू मुंबा’ संघात त्या वर्षी अनुप कुमार नव्हता. ज्यांनी २०१४ पासून ही स्पर्धा पाहिली आहे त्यांना या वाक्याचे वजन कळेल. अनुप कुमार हा शांतपणाचा पुतळा. घाई नाही, ओरडा नाही. बोनस रेषेवर पाऊल टाकून गुण उचलावा, प्रतिपक्षाच्या कोपऱ्याला हूल द्यावी, आणि जणू भाजी आणावयास गेलो होतो अशा चेहऱ्याने परत यावे. त्याच्याच नेतृत्वाखाली मुंबईने २०१५ साली विजेतेपद मिळविले होते. या पद्धतीच्या खेळावर पोसलेल्या प्रेक्षकांसमोर त्या मोसमात एक अपरिचित गडी उभा राहिला. त्याचे नाव सिद्धार्थ देसाई.

हा कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा, चंदगड तालुक्यातला. एका अंगाला बेळगाव आणि दुसऱ्या अंगाला कोकणात उतरणारा सह्याद्री, अशा मुलखातला हा शेतकरी घरातला मुलगा. उंच, रुंद खांद्यांचा, मांड्या कसलेल्या. त्या मोसमातील मुंबईचा पहिलाच सामना पुण्याशी झाला व तो बरोबरीत सुटला. पण सामना संपला तेव्हा लोक निकालाविषयी बोलत नव्हते, या गड्याविषयी बोलत होते. तो चढाईला जाई, त्याच्यावर दोघेतिघे पडत, आणि तो त्यांना अंगावर घेऊन मध्यरेषेपर्यंत चालत येई. लोकांनी त्याला ‘बाहुबली’ म्हणावयास सुरुवात केली. मोसमाअखेर त्याच्या नावावर चढाईचे २१८ गुण होते. नवोदितांत तो सर्वोत्तम ठरला. पुढल्या वर्षी, २०१९ साली, तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख रुपये मोजले. त्या लिलावातील ती सर्वांत मोठी बोली होती.

आणि वाद सुरू झाला. आमच्या मंडळाच्या सभागृहात जे सामने आपण एकत्र बसून पाहिले तेथेही तो झाला, पुण्यामुंबईस झाला, आणि आम्ही सुटीवर गावी गेलो तेव्हा एस.टी.च्या थांब्यावरही तो आमच्या कानी पडला. एका पक्षाचे म्हणणे असे की, हा खेळच नव्हे. रेड्यासारखे घुसावयाचे आणि फरफटत परत यावयाचे, यात कौशल्य ते कोठले? कबड्डी म्हणजे पायांची चपळाई, नजरेची हूल, प्रदीप नरवालसारखी साखळीखालून मारलेली बुडी. दुसऱ्या पक्षाचे उत्तर एका वाक्याचे होते : गुण येतात ना, मग? तिसरा पक्ष संख्येने लहान, पण जाणत्यांचा. तो म्हणे, आज येतात. पण इतके घाव सोसणारे शरीर किती वर्षे टिकेल?

या तिन्ही पक्षांत पहिला पक्ष सुशिक्षितांचा होता, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ, ही म्हण आम्हा कारकुनी पेशाच्या मंडळींनी विशेष जिव्हाळ्याने जपली आहे. ज्याच्या दंडात बळ नाही त्याला ती फार दिलासा देते. आमची पदवी बी. ए. ची, शरीरशास्त्रावर अधिकाराने बोलावे असे आमच्यापाशी काही नाही. पण नियम वाचणे हा आमचा तीस वर्षांचा व्यवसाय आहे, म्हणून कबड्डीचे नियम आम्ही काढून वाचले, आणि पहिल्या पक्षाचा आरोप त्या नियमांपुढे उभाच राहत नाही असे आमचे मत झाले.

असे पाहा. पुरुषांचे मैदान तेरा मीटर लांब व दहा मीटर रुंद. चढाई करणारा एकटा, समोर सात जण. त्याला तीस सेकंद दिलेले. तेवढ्यात एका दमात ‘कबड्डी’चा उच्चार चालू ठेवून निदान रेषा ओलांडावयाची, कोणाला तरी शिवावयाचे आणि परत यावयाचे. आता, बळाचा पहिला प्रयोग कोण करतो? चढाई करणारा नव्हे. तो फक्त शिवतो. त्याला धरावे की सोडावे हा निर्णय समोरच्यांचा असतो. धरले, तर तो सुटण्याची धडपड करणार, हे खेळाच्या रचनेतच आहे. आणि धडपडत त्याचे बोट जरी मध्यरेषेला लागले तरी ज्यांनी ज्यांनी त्याला धरले ते सारे बाद. तिघांनी मिळून दुबळ्या गड्याला धरले तर एक गुण मिळतो. तिघांनी मिळून सिद्धार्थ देसाईला धरले आणि तो सुटला तर तीन गुण जातात. अर्थात त्याचे बळ हे शस्त्र नव्हे, तो एक प्रश्न आहे. ‘मला धरता का, बघा’ एवढेच तो विचारतो. उत्तर द्यावयाचे की नाही हे समोरच्याच्या हाती असते.

शिवाय, तिघांना ओढून आणणे हे केवळ बैलाचे काम आहे असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा त्याचे पाय पाहावेत. पकड बसते त्या क्षणी जो ताठ उभा राहतो तो गेलाच, मग तो कितीही धिप्पाड असो. कंबर खाली न्यावयाची, पकडलेला पाय आपल्या शरीराखाली आणावयाचा, तोंड मध्यरेषेकडे वळवावयाचे, आणि दुसरा गडी येऊन साखळी पक्की होण्याआधी पहिले पाऊल टाकावयाचे. पहिला हात घोट्याला लागल्यापासून दुसरा गडी कमरेला मिठी मारेपर्यंत जो क्षण जातो, त्यात त्याचे सारे कसब असते. प्रेक्षकाला शेवटची फरफट दिसते; तो क्षण दिसत नाही. बुडी मारणाऱ्याचे कौशल्य दूरचित्रवाणीवर संथ गतीने पुन्हा दाखविता येते व ते सुंदर दिसते. या गड्याचे कौशल्य सुंदर दिसत नाही, एवढाच त्याचा दोष.

आणि त्याला उत्तर नव्हते असेही नाही. त्या मोसमाच्या बाद फेरीत उत्तर प्रदेशच्या संघाने मुंबईला हरविले. त्या संघाचा कोपरारक्षक नितेश कुमार याने त्या वर्षी पकडींचे शंभर गुण मिळविले. एका मोसमात तेथवर पोहोचलेला तो पहिला बचावपटू. बळाला बळाने नव्हे, वेळेने धरता येते, हे अशा गड्यांनी दाखवून दिले. तिसऱ्या पक्षाची शंकाही खोटी ठरली नाही. २०२१-२२ च्या मोसमात सिद्धार्थ देसाई दुखापतीमुळे मोजके सामने खेळू शकला. पुढे तो हरयाणाकडून खेळला, आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत झालेल्या अंतिम सामन्यात त्याच्या संघाला ज्यांनी २८-२५ असे हरविले ते पुण्याचेच होते. त्या पुण्याचा कर्णधार अहमदनगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार, आणि प्रशिक्षक आपल्या या कर्नाटकाचे बी. सी. रमेश. आपल्यासारख्या दोन्ही घरच्या पाहुण्यांना आनंद वाटावा अशी ही जोडी होती.

पुण्याच्या त्या संघातच एक इराणी तरुण होता, मोहम्मदरेझा शादलुई. त्याला पुण्याने २ कोटी ३५ लाखांना घेतले होते. बळाच्या वादात आमच्या मते खरा विचार करावयाचा तो अशा बचावपटूंचा. कारण कबड्डीत अंगावर जाणारा असतो तो बचाव करणारा. चढाईपटू रेषेच्या कडेला आला असता त्याला खांद्याने धडक देऊन मैदानाबाहेर फेकणे ही पूर्णपणे नियमात बसणारी चाल आहे. पण तीच धडक बरगडीवर बसली तर? म्हणून नियमांनी तेथे कुंपण घातले आहे. चढाई करणाऱ्याला हातपाय व धड यांनाच धरावे. केस वा कपडे धरू नयेत. त्याचा दम तोडण्यासाठी तोंड दाबू नये. पायांची कैची घालू नये. दुखापत होईल अशी हिंसक पकड करू नये. मोडल्यास पंचांपाशी हिरवे, पिवळे व लाल अशी तीन रंगांची पत्रे असतात. पिवळे दाखविले की गडी दोन मिनिटे बाहेर. या यादीत ‘फार बळकट असणे’ हा अपराध आम्हांस कोठेही आढळला नाही.

बाहेरच्या जगातही हा वाद चालतोच. ज्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सिद्धार्थ देसाई पहिल्यांदा या स्पर्धेत उतरला, त्याच आठवड्यात उत्तर अमेरिकेत बर्फावरील हॉकीत टॉम विल्सन नावाच्या चोवीस वर्षांच्या खेळाडूला वीस सामन्यांची बंदी झाली. कॅनडाअमेरिकेतील आपल्या नातेवाइकांमुळे या खेळाची ओळख आपल्यापैकी काहींना असेल. त्यात आघाडीवर खेळणारा एक प्रकारचा खेळाडू असतो, उंच व वजनदार. प्रतिपक्षाच्या गोलसमोर पाय रोवून उभा राहतो आणि वाटेत येणाऱ्याला खांद्याने बाजूला सारतो. त्या खेळात चकती ज्याच्यापाशी असेल त्याच्यावर अंग टाकणे हे नियमाला धरूनच आहे. विल्सन हा असा खेळाडू. सरावाच्या सामन्यात त्याची धडक प्रतिस्पर्ध्याच्या मस्तकावर बसली. वीस सामन्यांची शिक्षा पुढे तटस्थ लवादाने चौदांवर आणली. तोवर त्याच्या संघाचे चाहते म्हणत होते की त्याला लक्ष्य केले जात आहे, आणि इतर सारे म्हणत होते की असल्या गड्याला खेळूच देऊ नये. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, शिक्षा करणाऱ्यांनी त्याच्या वजनाविषयी अक्षर काढले नाही. धडक कोठे बसली, ती टाळता येत होती का, आणि यापूर्वी किती वेळा असे घडले, एवढेच त्यांनी पाहिले. चाहते माणूस पाहत होते. न्याय करणारे कृती पाहत होते.

आपण ज्या शहरात राहतो तेथे हा विचार नवा नाही. विजयादशमीच्या सकाळी जंबूसवारीपूर्वी राजवाड्याच्या आवारात वज्रमुष्टी काळग होतो. मुंडन केलेले दोन जेट्टी, मुठीत दातेरी वज्रमुष्टी, आणि समोर राजघराणे. प्रथम पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. आणि पाहता पाहता संपतेही. कारण एकाच्या मस्तकातून रक्ताचा पहिला थेंब दिसला की लढत थांबते. विजय नाही, चीत करणे नाही, थांबणे. ज्या खेळात हाती शस्त्र आहे तेथे मर्यादा सर्वांत कडक आहे. दसऱ्यातील कुस्त्या दोड्डकेरे मैदानावर, देवराज अरस क्रीडांगणात, होतात. तेथेही कोल्हापूर-सांगलीकडच्या जुन्या तालमीत वाढलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना परके वाटावे असे फारसे काही नाही. येथे तालमीला गरडी मने म्हणतात, एवढाच फरक.

कबड्डीलाही मर्यादा एका दिवसात लागलेली नाही. महाराष्ट्रात हुतूतू, दक्षिणेत चेडुगुडु, बंगालकडे हुडुडु; त्यातही आपल्याकडे संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार. एका गावचा बाद गडी दुसऱ्या गावात बाद नसे. भांडणे होत. नियम लिहिण्याचे काम पुण्यात व साताऱ्यात झाले, बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ साली सुधारलेल्या नियमांनी स्पर्धा भरविल्या, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी खेळाचे प्रदर्शन केले. बुवा साळवींसारख्यांनी आयुष्य घातले तेव्हा १९९० साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धेत तो पदकाचा खेळ झाला. आणि इतके होऊनही ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझौ येथील अंतिम सामना एका चढाईवरून सुमारे तासभर थांबला. पवन सेहरावत कोणाला न शिवता कडेच्या राखीव पट्ट्यात गेला, त्याच्या मागोमाग इराणचे गडीही गेले. गुण कोणाला द्यावयाचे यावर जुना नियम एक सांगत होता, नवा दुसरे. भारत ३३-२९ असा जिंकला. पण तेथे उभय संघांची तक्रार कोणाच्या आडदांडपणाची नव्हती. नियम कोणता लागू, हे आधी ठरले नव्हते, म्हणून भांडण झाले.

आता आमच्या मुलाकडे येतो.

गतवर्षीच्या स्पर्धेत काय घडले ते आम्ही तिघाचौघांकडून स्वतंत्रपणे विचारून घेतले आहे. हा मुलगा चढाईला गेला. समोर त्याच्याहून दोनतीन वर्षांनी लहान असे गडी होते. त्यांपैकी तिघांनी त्याला धरले. तो मध्यरेषेपर्यंत आला, हात टेकला, पंचांनी शिट्टी वाजविली. त्यानंतर, अंगात आलेल्या वेगाने, चौघेही गुंतलेले तसेच बाजूच्या रेषेबाहेर पडले. रेषेपासून हातभर अंतरावर गटाराची सिमेंटची कड आहे. लहान मुलांपैकी एकाचे मनगट तीवर आदळले व तीन आठवडे प्लास्टरमध्ये राहिले. देवदयेने ते पूर्ण बरे झाले आहे. ज्यांच्या मुलाचे मनगट ते होते त्यांना त्या संध्याकाळी काय वाटले असेल हे सांगावयास आम्ही कोणी लागून गेलो नाही. आम्हीही बाप आहोत.

परंतु या हकिकतीत त्या मोठ्या मुलाने कोणता नियम मोडला? त्याने कोणाला मारले नाही, ढकलले नाही, तोंड दाबले नाही. त्याला धरले गेले आणि तो सुटला. कबड्डीत याहून अधिक काय करावयाचे असते? तरीही त्या सायंकाळपासून मंडळात त्याला एक विशेषण चिकटले. आरतीला तो पुढे आला की बायका आपल्या मुलांना जवळ घेतात, असे त्याच्या आईने आमच्या घरी सांगितले. ती माउली तक्रार करीत नव्हती. ती विचारीत होती, भाऊ, पोराची उंची मी कशी कमी करू? मुलगा त्यानंतर मैदानावर फिरकलेला नाही. कन्नड मित्र शाळेच्या संघासाठी बोलावावयास आले तर त्यांनाही नाही म्हणाला. पत्रावर सह्या करणाऱ्यांपैकी कोणाचाही हा हेतू नव्हता हे आम्ही जाणतो. पण झाले ते असे झाले.

येथे आम्हाला आपल्या सर्वांविषयी थोडे बोलावेसे वाटते. आपण बदलीच्या नोकरीतली माणसे. कोणी छापखान्यात, कोणी रेल्वेत, कोणी संशोधनसंस्थेत, कोणी टायरच्या कारखान्यात, अशा निमित्ताने या मेटगळ्ळीच्या आसपास जमलो. आपल्यापैकी कित्येकांचे वडील व आजोबा आखाड्यात उतरलेले. आमचे स्वतःचे एक चुलते जत्रेतला नारळ घेऊन येत. आपण मात्र परीक्षांच्या बळावर वर आलो, आणि जे ज्या बळावर वर येते ते त्याच बळाला बळ म्हणते. परमुलखात भांडण नको, अंगाला लागावयास नको, कोणी नाव ठेवावयास नको, ही आपली जपणूक समजण्यासारखी आहे. तिच्या पोटी आपण मुलांना दुसऱ्याच्या अंगाचा भार कधी अंगावर घेऊ दिला नाही. पडावे कसे, हे त्या लहान तिघांपैकी कोणालाच शिकविलेले नव्हते, असे आमच्या चौकशीत निघाले. पकडलेला मोठा गडी कोसळू लागला की हात केव्हा सोडावा, मनगट जमिनीकडे न नेता खांद्यावर कसे वळावे, हे गरडीतील सात वर्षांच्या पोराला पहिल्या महिन्यात येते. आमच्या पाचवीसातवीतल्या हुशार मुलांना ते येत नव्हते. त्यांच्या दुखापतीचे कारण शोधावयाचे तर सिमेंटची कड आणि हे अज्ञान, असा क्रम आम्ही लावू. दुसऱ्याचे बळ त्यानंतर येते.

याचा अर्थ पालकांचे पत्र निराधार आहे असा नव्हे. एका गोष्टीत ते अगदी बरोबर आहे, आणि ती पत्रात शेवटी एका ओळीत आली आहे : लहान मुले मोठ्यांसमोर उभी करू नयेत. बर्फावरील हॉकी ज्यांच्या रक्तात आहे त्या कॅनडाच्या हॉकी संघटनेने २०१३ साली अकराबारा वर्षांच्या गटातून अंगावर धडक देणे काढून टाकले. अमेरिकेच्या संघटनेने ते त्याआधीच, २०११ साली केले होते. तेथील बाप मंडळी चिडली. मुले नाजूक होतील, पुढे मोठ्या गटात गेल्यावर त्यांना धडक सोसवणार नाही, असे म्हणाली. संघटना हटल्या नाहीत. कारण त्या वयात एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या वजनात केवढे अंतर असते हे आपण शाळेच्या कोणत्याही सामूहिक छायाचित्रात पाहू शकतो. पण त्यांनी हॉकी बंद केली नाही, आणि ज्या मुलांची वाढ लवकर झाली त्यांना घरी बसविले नाही. धडक कोणत्या वयापासून शिकवावयाची एवढे ठरविले. आपल्या कबड्डीतही किशोर व कुमार गटांना वयाबरोबर वजनाची अट असते. वरिष्ठ गटातही वजनाची कमाल मर्यादा आहे. ही सोय खेळातच असताना आपण गतवर्षी ‘पंधरा वर्षांखालील सर्व’ असा एकच गट केला, कारण संघ पुरेसे होत नव्हते. सोय पाहिली गेली. आणि तिचा भुर्दंड एका मुलाने मनगटाने व दुसऱ्याने नावाने भरला.

समितीने आमचे मत लेखी मागितले आहे, ते येथेच तोंडी देतो, इतिवृत्तात घ्यावे. कबड्डी ठेवावी. वय व वजन असे दोन्ही पाहून दोन गट करावेत. वजनाचा काटा शेजारच्या किराणा दुकानदाराने देऊ केला आहे. लहान गटात पकड कमरेखालीच व्हावी आणि धडक देऊन बाहेर फेकणे नसावे. मैदान गटारापासून हलवून पिंपळाच्या बाजूला घ्यावे, चारी बाजूंना मोकळी जागा सोडावी, माती खणून भुसभुशीत करावी. मोठ्या गटात संघ पुरत नसतील तर शेजारच्या वसाहतींतील कन्नड व तेलुगू मुलांना बोलवावे. पन्नास वर्षांत आपण त्यांना गणपतीच्या प्रसादाला बोलाविले, मैदानात बोलाविले नाही, हे काही बरे दिसत नाही. स्पर्धेआधी तीन रविवार पडण्याचा व पकडीचा सराव व्हावा. त्या सरावात लहान मुलांना घोट्याची पकड कोणी दाखवावी, याविषयी आमच्या मनात एक नाव आहे. त्या मुलाला समितीने बोलावणे पाठवावे, आणि ते पत्राने नव्हे तर अध्यक्षांनी व पत्रावर सह्या करणाऱ्यांपैकी एकादोघांनी त्याच्या घरी जाऊन द्यावे, अशी आमची विनंती आहे.

राहता राहिला पंचांचा प्रश्न. जवळच्या कारखान्यातील एक निवृत्त कन्नड गृहस्थ, जे तरुणपणी कबड्डी खेळलेले आहेत, त्यांना आम्ही भेटलो व त्यांनी होकार दिला आहे. मानधन ते घेणार नाहीत. प्रसादाचे मोदक मात्र घेऊ म्हणाले. गुण कोणत्या भाषेत पुकारावयाचे ते तेवढे मंडळाने ठरवून त्यांना कळवावे.